बाबांच्या केमोत ल्युकोव्होरिन आहे, हे नुसतं व्हिटॅमिन आहे का? सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली तर चालेल?

जळगावची_लेक

नमस्कार सगळ्यांना. बाबांना (वय ६८) मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, उजव्या बाजूला गाठ होती, ऑपरेशन नीट झालं पण जवळच्या लिम्फ नोडमध्ये पण सापडला म्हणून स्टेज ३ सांगितली आणि आता केमो चालू केलीय, फॉलफॉक्स, दर १४ दिवसांनी. सुरुवातीच्याच सायकल आहेत. डिस्चार्ज कार्डवर तीन औषधं असतात, ऑक्झॅलिप्लॅटिन, ५-एफयू आणि ल्युकोव्होरिन. पहिली दोन केमोची आहेत हे कळलं, तिसऱ्याबद्दल विचारलं तर तिथल्या एकांनी घाईत सांगितलं की ते व्हिटॅमिन आहे, बी-९. आता घरी यावरून रोज चर्चा चालू आहे. शेजारचे काका म्हणतात व्हिटॅमिनसाठी दोन तास सलाईन लावून म्हाताऱ्या माणसाला कशाला झोपवून ठेवतात, त्यापेक्षा टॉनिक पाजा घरी. भाऊ म्हणतो की बाबांचं हिमोग्लोबिन ९.२ आहे, बी-९ ने रक्त वाढतं, तर मग वहिनीच्या बाळंतपणातल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या ५ एमजीच्या गोळ्या घरात पडल्यात त्या पण रोज एक सुरू करू, डबल फायदा होईल.

आणि अजून एक गोंधळ आहे तो म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या मुलाला ब्लड कॅन्सर होता, त्याला पण हेच ल्युकोव्होरिन द्यायचे आणि तिला तिथे सांगितलं होतं की हे केमोचा उतारा आहे, केमोचं विष उतरवायला देतात. मग बाबांना केमो आणि उतारा एकदमच कसं काय देतायत? केमोचा असरच गेला तर? डॉक्टरांना विचारणार आहेच पण ओपीडीत एवढी गर्दी असते की दोन मिनिटांत सगळं विचारून होत नाही, म्हणून आधी थोडं समजून घेऊन जावं म्हटलं. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. आणि घरातल्या फॉलिकच्या गोळ्यांचं तर आधी सांगा, भाऊ उद्यापासून चालू करतो म्हणतोय.

डेकेअर_सिस्टर

ताई, आधी गोळ्यांचं सांगते. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात चालू करू नका, भावाला आजच थांबवा. मी केमोच्या डेकेअर वॉर्डात काम करते आणि हा प्रश्न इतके नातेवाईक विचारतात की मला वाटतं प्रत्येक पेशंटच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला पाहिजे.

कारण असं आहे की ल्युकोव्होरिन हे बी-९ चंच रूप आहे पण बाबांना ते ताकदीसाठी किंवा रक्तासाठी दिलं जात नाहीये. ५-एफयू शरीरात गेलं की त्याचं जे रूप तयार होतं ते पेशीतल्या एका एन्झाइमला जाऊन चिकटतं, त्या एन्झाइममुळे डीएनएसाठी लागणारा एक कच्चा माल बनत असतो, तो बनायचा बंद झाला की कॅन्सरची पेशी वाढू शकत नाही. आता ५-एफयू एकटं चिकटलं तर ती पकड तेवढी घट्ट बसत नाही, सुटते. तिथे फोलेट (म्हणजे बी-९) भरपूर हजर असेल तर तिघं मिळून एकमेकांना धरून बसतात आणि एन्झाइम जास्त वेळ बंद राहतं. म्हणजे ल्युकोव्होरिनमुळे ५-एफयूचा जोर वाढतो. फॉलफॉक्समधलं फॉल म्हणजे हेच, फोलिनिक अ‍ॅसिड, ते त्या केमोचाच भाग आहे, वरून टाकलेलं टॉनिक नाही.

आणि जोर वाढतो तो सगळीकडेच वाढतो हो, कॅन्सरवर पण आणि तोंडाच्या आतल्या नाजूक आवरणावर, आतड्यावर पण. म्हणून तोंड येणं आणि जुलाब हे दोन त्रास या कॉम्बिनेशनमध्ये बघावे लागतात. आता डॉक्टरांनी फोलेटचा डोस मोजून ठरवलेला असतो, शरीराच्या क्षेत्रफळाप्रमाणे, साधारण दर चौरस मीटरला ४०० एमजी, काही ठिकाणी कमी पण देतात. त्यात घरून रोज अजून फोलेट घालत राहिलं तर त्रास वाढायची शक्यता असते आणि मग जुलाब का वाढले ते डॉक्टरांना कळत नाही कारण गोळीचं कोणी सांगितलेलंच नसतं. बी-कॉम्प्लेक्स, मल्टिव्हिटॅमिन, आयर्नच्या गोळ्या यात पण बऱ्याचदा फॉलिक असतं, सरकारी लाल गोळीत पण लोहासोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, तेव्हा जे काही घरात चालू असेल त्याची पाकिटंच पिशवीत घालून घेऊन जा आणि दाखवा, नावं सांगत बसू नका.

दोन तासांचं असं आहे की ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन दोन तास चालतंच, ल्युकोव्होरिन बऱ्याच ठिकाणी त्याच वेळेत शेजारच्या नळीतून जातं, म्हणजे त्याच्यासाठी वेगळा वेळ जात नाही. आणि ते घाईघाईने ढकलता येत नाही कारण त्यात कॅल्शियम असतं, मिनिटाला १६० एमजीपेक्षा जास्त वेगाने द्यायचं नसतं. ते झालं की मग ५-एफयूचा एक डोस लगेच आणि बाकीचा पंपातून ४६ तास. बाबांना कमरेला पंप लावून घरी सोडतात ना?

तुमच्या मावसबहिणीचं पण खरं आहे बरं का, तिच्या मुलाला वेगळ्या केमोसोबत दिलं असणार. त्याबद्दल ज्यांनी ते अनुभवलंय त्यांनी लिहिलं तर बरं.

जळगावची_लेक

सिस्टर खूप खूप धन्यवाद. भावाला लगेच दाखवलं, गोळ्या कपाटात परत गेल्या. हो पंप लावूनच सोडतात, आतमध्ये फुगा असलेली बाटली असते, छोट्या पिशवीत घालून गळ्यात अडकवून देतात, फुगा हळूहळू लहान होत जातो. बाबा रात्री चारदा उठून बघतात कमी झाला का. तोंड थोडं आलंय, गालाच्या आतून लाल आहे, जेवताना झोंबतं म्हणतात. बर्फ चघळायला द्यायचा असं एका ठिकाणी वाचलं, देऊ का?

डेकेअर_सिस्टर

नको!! बर्फाचा सल्ला नुसत्या ५-एफयूवाल्यांसाठी असतो, ५-एफयू देतानाच्या वेळी बर्फ चघळला की तोंडातल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि औषध तिथे कमी पोचतं. पण बाबांना ऑक्झॅलिप्लॅटिन पण आहे, त्याने थंडीला नसा चाळवतात, गार पाणी घशाला लागलं की घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकल्यासारखं वाटून माणूस घाबरतो. फ्रीजमधलं काही नको, फ्रीजमध्ये हात पण नको, सकाळी आंघोळीला गरम पाणी, फरशीवर अनवाणी नको. तोंडासाठी कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, मऊ ब्रश, तिखट आणि आंबट काही दिवस बंद. मऊ खिचडी, पेज, वरणभात तूप घालून, असं चालतं. आणि एक लक्षात ठेवा, जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले, किंवा ताप १०० पॉइंट ४ च्या वर गेला, किंवा तोंडामुळे पाणीच पिता येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, रात्री पण फोन करायचा. साठीच्या पुढच्या माणसांत ५-एफयू आणि ल्युकोव्होरिनच्या जुलाबाने पाणी कमी होऊन पेशंट फार लवकर खालावतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून एवढं जोर देऊन लिहितेय.

ठाण्याची_आई

मी लिहिते मावसबहिणीच्या मुलाबद्दल, कारण माझ्या लेकाचं पण तेच झालंय. त्याला एएलएल होता, लहान मुलांचा ब्लड कॅन्सर, आता ट्रीटमेंट संपून छान शाळेत जातो. त्याच्या ट्रीटमेंटमध्ये हाय डोस मेथोट्रेक्झेट नावाचा टप्पा होता. सलाईनची पिशवी पिवळीधमक असते, बघूनच पोटात गोळा येतो. आम्हाला तिथल्या डॉक्टर मॅडमनी फार छान समजावलं होतं ते तसंच लिहिते.

मेथोट्रेक्झेट काय करतं तर आपण खातो ते फॉलिक अ‍ॅसिड शरीराला वापरण्याजोगं करणारं जे एन्झाइम असतं ते बंद पाडतं. मग ज्या पेशी भराभर वाढतात त्या उपाशी पडतात. कॅन्सरच्या पेशी पडतातच पण बोन मॅरो, तोंड, आतडं यांच्या पण पडतात. आणि हाय डोस म्हणजे इतका मोठा डोस असतो की तसाच सोडला तर जिवावर बेतेल. म्हणून ठरलेल्या तासाला ल्युकोव्होरिन चालू करतात. ते आधीच तयार रूपात असतं, त्याला त्या बंद पडलेल्या एन्झाइमची गरज लागत नाही, सरळ पेशीच्या कामी येतं. साधी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तिथे उपयोगाची नाही कारण तिला त्याच एन्झाइमवर अवलंबून राहावं लागतं. याला ते लोक रेस्क्यू म्हणतात.

आणि यात सगळा खेळ वेळेचा आहे. मेथोट्रेक्झेट चालू झाल्यापासून २४ ते ४२ तासांच्या मध्ये, प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये ठरलेला तास असतो, त्या तासाला पहिला डोस. लवकर दिलं तर कॅन्सरच्या पेशी पण वाचतात, उशीर झाला तर चांगल्या पेशींचं नुकसान भरून येत नाही. मग दर सहा तासांनी, दिवस असो रात्र असो. मी मोबाइलवर गजर लावून ठेवायचे आणि सिस्टर यायच्या आधीच दाराकडे बघत बसायचे. मध्ये मध्ये रक्त काढून मेथोट्रेक्झेटची पातळी बघतात आणि ती ठरलेल्या आकड्याच्या खाली, आमच्याकडे ०.१ च्या खाली येईपर्यंत ल्युकोव्होरिन थांबवत नाहीत. पातळी जास्त राहिली तर ल्युकोव्होरिनचा डोस वाढवतात.

सोबत लघवीचं एक काम असतं ते आईबापांनाच करावं लागतं. प्रत्येक वेळी लघवी भांड्यात धरायची, त्यात कागदाची पट्टी बुडवायची, पट्टीचा रंग डब्यावरच्या रंगांशी जुळवून पीएच ७ किंवा वर आहे का बघायचं आणि वहीत लिहायचं. कमी दिसला की लगेच सिस्टरना सांगायचं, मग सोड्याचं सलाईन वाढवतात. कारण लघवी आम्लाची झाली तर मेथोट्रेक्झेट किडनीत साचतं आणि किडनी बसते. त्या दिवसांत कोला बंद, सेप्ट्रान या अँटिबायोटिकचं सिरप बंद (ते पण फोलेटच्याच वाटेत येतं), दुखण्यावर ब्रुफेन वगैरे बंद, अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल पण विचारल्याशिवाय नाही.

तर ताई तुमच्या मावसबहिणीला सांगितलं ते बरोबर आणि सिस्टरनी सांगितलं ते पण बरोबर. मेथोट्रेक्झेटनंतर दिलं तर वाचवतं आणि ५-एफयूसोबत दिलं तर केमोची धार वाढवतं. औषध तेच, सोबत कोण आहे त्यावर सगळं. म्हणून एकाच्या पेशंटचं ऐकून दुसऱ्याच्या पेशंटला काही करू नये असं मला मनापासून वाटतं.

औषधवाला_कोल्हापूर

वरच्या दोघींनी फार नीट लिहिलंय, मी दुकानाच्या बाजूने थोडं सांगतो, मी कॅन्सर हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे.

एक म्हणजे नावांचा घोळ. फॉलिक आणि फोलिनिक, एका अक्षराचा फरक, आणि काउंटरवर लोक एकाच्या जागी दुसरं मागतात. चिठ्ठीवर ल्युकोव्होरिन, फोलिनिक अ‍ॅसिड, कॅल्शियम फोलिनेट यापैकी काहीही असेल तर ते एकच. फॉलिक अ‍ॅसिड वेगळं. चिठ्ठीवर फोलिनिक असताना कोणी फॉलिकची पट्टी हातात ठेवली आणि ती मेथोट्रेक्झेटच्या पेशंटसाठी असली तर काय होईल ते ठाण्याच्या ताईंनी सांगितलंच आहे. औषध घेताना पट्टीवरचं नाव चिठ्ठीशी अक्षर-अक्षर जुळवा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

दुसरं म्हणजे लेव्होल्युकोव्होरिन म्हणून पण येतं. ल्युकोव्होरिनमध्ये एकाच औषधाची थोडी वेगळ्या घडणीची दोन रूपं निम्मी निम्मी असतात आणि त्यातलं डावं तेवढंच कामाचं. लेव्होमध्ये फक्त तेच असतं म्हणून डोस निम्मा लागतो, ४०० च्या जागी २००. कधी एका सायकलला बिलावर ल्युकोव्होरिन आणि पुढच्या सायकलला निम्म्या आकड्याचं लेव्हो दिसलं तर डोस कमी केला म्हणून घाबरू नका, पण विचारून खात्री जरूर करा.

तिसरं, गोळी का नाही देत. १५ एमजीची गोळी मिळते आणि रेस्क्यूच्या शेवटी शेवटी मुलांना देतात पण. पण आतड्यातून ते एका मर्यादेपर्यंतच शोषलं जातं, २५ एमजी घेतलं तर जवळपास सगळं आत जातं, ५० घेतलं तर पाऊण आणि १०० घेतलं तर तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं वर. बाबांना लागणारा डोस काही शे मिलिग्रॅमचा आहे, तो तोंडाने पोचणारच नाही. म्हणून शिरेतूनच. शेजारच्या काकांना हे नक्की सांगा, टॉनिकने ते काम होत नाही. शिरेतून किंवा स्नायूत चालतं, पाठीच्या मणक्यातून मात्र हे औषध कधीच द्यायचं नसतं, जिवावर येतं.

घरात कोणाला फिटसाठी फेनिटॉइन किंवा फिनोबार्बिटोन चालू असेल आणि त्यालाच ल्युकोव्होरिन लागणार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, फोलेटने त्या गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो.

खर्चाचं म्हणाल तर ल्युकोव्होरिन हे जुनं जेनेरिक औषध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. महात्मा फुले योजनेत केमो बसते का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

लॅबमधला_माणूस

सगळे केमोवर बोलतायत पण मूळ प्रश्नात हिमोग्लोबिन ९.२ लिहिलंय त्यावर कोणीच आलं नाही म्हणून लिहितो. उजव्या बाजूच्या आतड्याच्या गाठीतून महिनोन् महिने थोडं थोडं रक्त जात असतं, शौचाला लाल दिसत पण नाही, त्यामुळे अशा पेशंटमध्ये रक्त कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा लोह कमी झालेलं असतं. तिथे फोलेट कितीही घातलं तरी हिमोग्लोबिन वाढणार नाही. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही नावाचा आकडा असतो (तांबड्या पेशींचा सरासरी आकार), तो बघा. ८० च्या खाली असेल तर लोहाकडे संशय, १०० च्या वर असेल तर फोलेट किंवा बी-१२ कडे. अर्थात केमो चालू असताना ५-एफयू, मेथोट्रेक्झेट यांनी पण एमसीव्ही वर जातो म्हणून नुसत्या आकड्यावरून ठरवू नका, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) आणि बी-१२ करायला सांगा डॉक्टरांना.

ल्युकोव्होरिन अ‍ॅनिमियासाठी पण देतात हे खरं आहे. फोलेट कमी झाल्याने होणारा मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमिया, त्यात तांबड्या पेशी मोठ्या आणि अर्ध्याकच्च्या तयार होतात, त्यात तोंडाने गोळी देता येत नसेल तर इंजेक्शन देतात. पण डोस किती माहितीये, दिवसाला १ एमजीपर्यंत. आणि बाबांना एका वेळी काही शे. म्हणजे अ‍ॅनिमियाचं ल्युकोव्होरिन आणि केमोचं ल्युकोव्होरिन हा हिशोबच वेगळा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी घसा खरवडून सांगत असतो. बी-१२ कमी असताना नुसतं फोलेट देणं धोक्याचं आहे. रक्त सुधारतं, कागदावर हिमोग्लोबिन चढतं, घरचे खूश होतात, आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. उशीर झाला तर ते परत येत नाही. आपल्याकडे शाकाहारी घरं भरपूर, बी-१२ कमी असणं अगदी रोजचं आहे. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला होता त्यात पण हेच दिसलं होतं, फोलेट बऱ्यापैकी, बी-१२ मात्र बऱ्याच जणींत कमी. तेव्हा बाबा माळकरी असतील, अंडं-मासे खात नसतील तर बी-१२ बघितल्याशिवाय फोलेटच्या गोळीला हात नको. आणि ऑक्झॅलिप्लॅटिनने पण हातापायाला मुंग्या येतात, मग मुंग्या कशामुळे ते कळणं अवघड होऊन बसतं.

गिरणगावकर

विषय औषधाचा आहे पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण ती आपल्या मुंबईतली आहे. आज हे सगळं फोलेट-फोलेट चाललंय त्याची सुरुवात परळमध्ये झाली. ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या, परळच्या हाफकिन संस्थेत बसून काम करायच्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या, तांबड्या पेशी मोठाल्या, काही जणी बाळंतपणात दगावायच्या. त्या वेळी ज्ञात असलेल्या औषधांनी जमत नव्हतं. विल्स बाईंनी त्यांना मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क, स्वस्तातला, तो खायला दिला आणि बायका सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या यीस्टमध्ये काय होतं ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, विल्स फॅक्टर म्हणायचे. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला, तेच फॉलिक अ‍ॅसिड. तो कारखान्यात बनवला १९४५ ला, लेडर्ली कंपनीत, त्या टीमचे प्रमुख आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

मग बोस्टनला सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की ल्युकेमियाच्या मुलांना फोलेट दिलं तर आजार उलटा वाढल्यासारखा दिसतो. म्हणून त्यांनी फोलेटच्या विरोधातलं औषध मागितलं, ते सुब्बारावांच्याच लोकांनी बनवून दिलं, अमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये त्यांनी छापलं की १६ मुलांना दिलं त्यातल्या १० जणांना काही काळ का होईना उतार पडला. तोपर्यंत ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांचा खेळ होता. मेथोट्रेक्झेट हे त्याचंच भावंड. आणि त्याच सुमारास फोलिनिक अ‍ॅसिड सापडलं.

माझी आजी गिरणीत होती म्हणून मला हे जास्त लागतं. त्या बायकांची नावं कोणत्याच पेपरात नाहीत, पण टाटा हॉस्पिटलमध्ये आज पोरांना जे ल्युकोव्होरिन मिळतं त्याच्या मुळाशी दोन गल्ल्या पलीकडच्या चाळीतल्या बायकांचं रक्त आहे. हे पोरांना शाळेत शिकवायला पाहिजे असं मला फार वाटतं.

ठाण्याची_आई

गिरणगावकर दादा, आम्ही परळलाच होतो ट्रीटमेंटसाठी, हाफकिनच्या भिंतीवरून रोज जायचो, हे माहीतच नव्हतं. वाचून भरून आलं.

जळगावची_लेक

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. तुम्ही लिहिलेलं सगळं वहीत उतरवून घेऊन गेले होते, पाकिटं पण पिशवीत नेली. डॉक्टरांनी पाकिटं बघून बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी बंद केली, त्यात फॉलिक होतं आणि ते आम्हाला माहीतच नव्हतं. फॉलिक नको म्हणाले. फेरिटिन आणि बी-१२ लगेच लिहून दिलं. एमसीव्ही ७४ आला होता, फेरिटिन फारच कमी, बी-१२ पण खालच्या बाजूला (बाबा माळकरीच आहेत, लॅबवाल्या दादांनी कसं ओळखलं). आता लोहाचं इंजेक्शन सलाईनमधून देणार आहेत आणि बी-१२ ची इंजेक्शनं वेगळी. तोंडासाठी गुळण्या चालू आहेत, थोडं बरं आहे, या वेळी ५-एफयूचा जो झटकन देतात तो डोस थोडा कमी करणार म्हणाले. शेजारच्या काकांना १०० एमजी घेतलं तर तिसरा हिस्साच आत जातो हे सांगितलं, ते आता सगळ्या गल्लीला सांगत फिरतायत 🙂

सांगलीचा_पोरगा

हा धागा वाचून मला भीतीच वाटायला लागली. माझ्या आईला संधिवात आहे, तिला मेथोट्रेक्झेट गोळी चालू आहे आणि त्यासोबत डॉक्टरांनी स्वतःच फॉलिक अ‍ॅसिड ५ एमजी दिलंय. वर तर म्हणताय फॉलिक उपयोगाचं नाही आणि विचारल्याशिवाय देऊ नका. बंद करू का तिचं?

औषधवाला_कोल्हापूर

नाही दादा, बंद करू नका, तिचं बरोबर चालू आहे. संधिवातात मेथोट्रेक्झेटचा डोस अगदी छोटा असतो, आठवड्याला काही मिलिग्रॅम, तिथे एन्झाइम पूर्ण बंद पडत नाही म्हणून साधं फॉलिक पण कामाला येतं, तोंड येणं, मळमळ, लिव्हरवरचा ताण त्याने कमी होतो. वर जे लिहिलंय ते कॅन्सरच्या मोठ्या डोसबद्दल आणि ५-एफयूबद्दल आहे. तुम्ही फक्त एवढं करा, मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकच दिवस आहे ना ते चिठ्ठीवर बघा, तो वार कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि पट्टी रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. रोज एक अशी चुकून घेतली गेली की काही दिवसांतच तोंड सोलून निघतं आणि पांढऱ्या पेशी खाली येतात, तशा पेशंटला मग हॉस्पिटलात ठेवून हेच ल्युकोव्होरिन द्यावं लागतं. फॉलिकची गोळी कोणत्या दिवशी घ्यायची ते प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगतात, बरेच जण मेथोट्रेक्झेटचा दिवस सोडून सांगतात, तुमच्या डॉक्टरांनी जसं लिहिलंय तसंच ठेवा.